बुधवारची ऊब

१४ ऑक्टोबर, सोमवार

दालनाखालच्या तळघरातला बॉयलर सकाळी पुन्हा विझला. वर बालवाडीची मुलं कोट घालून चित्रं रंगवत होती. बाराही घरांतले रेडिएटर गार. दुरुस्तीवाला आला, वाकून बराच वेळ आत पाहत राहिला आणि मग म्हणाला, "मॅडम, ही थंडी काढली त्याने तर नशीब समजा." सुटे भाग मिळत नाहीत हे मी पूर्वीही ऐकलं आहे. आज मात्र त्याने ते टोपी काढून सांगितलं.

जेसप आश्रयघरांच्या विश्वस्तांचं अध्यक्षपद घेतलं, तेव्हा वाटलं होतं की गळकी छपरं आणि वर्षाचं चहापान, एवढंच सांभाळायचं. बारा दगडी घरं, बारा म्हातारी माणसं आणि गावाला वापरायला एक दालन. या सगळ्यांना एकच बॉयलर ऊब देतो, आणि खर्च सगळा संस्थेचा.

दुपारी तो कसाबसा पेटला. पेटताक्षणी पाच नंबरच्या स्टॅन्ली बर्टविसलने खिडकी सताड उघडली. मी अंगणातून विचारलं, "मिस्टर बर्टविसल, आपण यॉर्कशायर तापवायला निघालोय का?"

"बाईसाहेब, खोली भट्टी झालीय. बंद कुठून करू? बटणच नाही."

बटणच नाही. खरा रोग हाच आहे. आपल्या उबेवर आपला ताबा नसला की माणूस उधळ्या होतो.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

गॉर्डन सग्डेन आमचे खजिनदार. पूर्वी त्यांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. ते संध्याकाळी येणार म्हणून बैठकीतला हीटर दुपारीच लावून ठेवला. एरवी मी स्वयंपाकघरात बसते. एकटीसाठी दोन खोल्या तापवणं माझ्या हातून होत नाही.

सगळे पर्याय टेबलावर घेतले. गॉर्डनचं म्हणणं सरळ आहे: गॅसचा जुना बॉयलर गेला, गॅसचाच नवा बसवा. काम लवकर होईल, पाइप आहेत तेच राहतील. पण गॅसचे भाव कुठे जाऊन थांबतील कोण जाणे, आणि आमच्यामागून येणाऱ्यांना तोही एक दिवस उपटावाच लागणार. पाद्रीबाबांना लाकडी गोळ्यांची भट्टी हवी आहे. गोळ्यांचा ट्रक कमानीतून आत येणार नाही, हे त्यांनी मोजून पाहिलेलं नाही. रात्रीच्या स्वस्त विजेवर तापणाऱ्या विटांचे हीटर बसवायला सोपे, पण संध्याकाळी, नेमकी थंडी पडते तेव्हा, त्यांच्यातला जीव गेलेला असतो. राहिला हीट पंप, बाहेरच्या हवेतून ऊब खेचून घेणारा. सगळ्यांना मिळून एक मोठा बसवायचा तर अंगण खणून नवे पाइप टाकावे लागतील. त्यापेक्षा घरोघरी एकेक छोटा, एकेक मीटर, एकेक बटण. ज्याची ऊब त्याचा हिशेब. मी याच बाजूची आहे.

"म्हातारी माणसं ही बटणं फिरवणार कशी?" गॉर्डन म्हणाले.

"तुम्ही मोबाइल शिकलात ना? त्याहून हे सोपं आहे."

शेवटी असं ठरलं: एका घरात हिवाळाभर करून पाहायचं, किती वीज लागते ते बघायचं आणि फेब्रुवारीत निकाल लावायचा.

२३ ऑक्टोबर, बुधवार

कोणाच्या घरी लावायचा हा प्रश्न डॉरीनने सोडवला. चार नंबरची डॉरीन केटलवेल. आयुष्यभर गावच्या दुकानात बटणं आणि लोकर विकली. चॅपेलच्या गायनात खालच्या पट्टीत गाताना ती माझ्या डाव्या हाताला उभी असते. मी नवीन होते तेव्हा कोपराने ढोसून ढोसून तिनेच मला ताल शिकवला.

"माझ्याकडे बसव तुझं यंत्र," ती म्हणाली. "तुला कोणीतरी लागणारच. स्टॅनकडे बसवलंस तर आठवड्यात वर्तमानपत्रात छापून आणेल."

"तुला त्रास होईल. जुने पाइप तोडावे लागतील तुझ्या घरापुरते."

"अगं, मी कोळशावर वाढलेली बाई. सकाळी तांब्यातल्या पाण्यावर बर्फ असायचा आमच्या. मला कसला आलाय त्रास."

मी दर बुधवारी तिसऱ्या प्रहरी येऊन पाहणी करीन असं सांगितलं. न सांगता कोणाच्या घरात शिरायचं नाही हा माझा नियम आहे. गरीब असला म्हणून माणसाचं दार कोणीही केव्हाही ढकलावं असं नाही.

४ नोव्हेंबर, सोमवार

पंप बसला. मागच्या अंगणात, भिंतीला लागून, कपाटाएवढी पेटी. सल्लागार लोमस यांनी डॉरीनला नीट समजावलं. हा मंद चालू ठेवायचा, रात्रंदिवस. याला शेगडीसारखं पेटव-विझव करायचं नाही. भिंती हातभर जाडीच्या आहेत, एकदा गारठल्या तर पुन्हा ऊब धरायला दिवस लागतील. मी मोठ्या अक्षरांत 'बंद करू नये' असं पुठ्ठ्यावर लिहून बटणावर चिकटवलं.

"शाळेत बसल्यासारखं वाटतंय," डॉरीन म्हणाली.

स्टॅन कुंपणावर ओणवा होऊन पाहत होता. "बाईसाहेब, हे रात्रभर गुरगुरणार ना? माझी उशी त्याच भिंतीला आहे."

"कापूस घाला कानात."

"घालतोच. तुम्ही आलात की."

लोमस गेल्यावर डॉरीनने विचारलं, "आणि तुझा तो गॉर्डन काय बघणार आहे?"

"वीज किती लागली ते."

"म्हणजे कमी लागली तर तू जिंकलीस."

"जिंकण्या-हरण्याचा प्रश्न नाही. पण हो, साधारण तसंच."

"मग झालं तर," ती म्हणाली आणि किटली ठेवायला गेली.

१३ नोव्हेंबर, बुधवार

चार नंबरला गेले. खोली छान उबदार, शिरल्याबरोबर कोट काढावा लागला. खिडक्यांच्या काचांवरून पाण्याचे ओघळ वाहत होते. स्वयंपाकाची वाफ असणार, खिडकीची फट थोडी ठेवायला सांगितलं पाहिजे. तिने भाजलेले स्कोन, चहाबरोबरचे ते छोटे पाव, गरम होते, पण लोणी दगडासारखं. सुरी टेकवली की स्कोनच मोडायचा.

"लोणी जरा आधी बाहेर काढून ठेवावं," मी म्हटलं.

"काढूनच ठेवलंय की कालपासून," डॉरीन म्हणाली आणि मग हसली. "नाही गं, विसरले. म्हातारी झाले."

ते भांडं तिच्या आईचं आहे, झाकणावर बसलेली गाय. कप देताना तिचा हात लागला, बर्फ. "हात गार तो मायाळू फार," असं म्हणून तिने तो पदरात घ्यावा तसा स्वेटरच्या बाहीत ओढून घेतला.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

तिच्या बाहेरच्या भिंतीवरचा मीटर पाहिला. आनंद झाला हे कबूल करते. लोमस यांचा अंदाज होता त्याच्या निम्मीसुद्धा वीज लागलेली नाही. फोनवर ते थोडे घुटमळले. "फारच कमी आहे, मॅडम. आतलं तपमान नोंदवणारी एक छोटी डबी ठेवू का त्यांच्या खोलीत?"

मी नको म्हटलं. दर आठवड्याला मी स्वतः त्या खोलीत बसते. मला कातडी आहे, आणि रसायनशास्त्राची पदवीही आहे. शिवाय म्हाताऱ्या बाईच्या खोलीत पाळत ठेवणारी डबी लावणं मला पटत नाही. ऊब देतो म्हणून चौकीही बसवायची का?

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

स्टॅनची तक्रार आल्याशिवाय आठवडा संपत नाही. आज म्हणाला, "यंत्र आल्यापासून माझी भिंत गार पडलीय. उशीला हात लावून बघा."

"कोणती भिंत?"

"डॉरीनच्या बाजूची. पूर्वी त्या भिंतीला पाठ लावून बसायचो. आता पाठ आखडते."

"तुम्ही खिडकी उघडी टाकून झोपता, मिस्टर बर्टविसल."

"बंद असते हल्ली."

"आणि गुरगुर? रात्री झोप लागते ना?"

"गुरगुर नाही," तो म्हणाला. आणखी काही बोलणार होता. मी म्हटलं, चला, एक तक्रार तरी मिटली, आणि पुढे गेले. त्याचं बोलणं सगळं ऐकत बसलं तर दुसरी कामं होत नाहीत.

११ डिसेंबर, बुधवार

बर्फ. डॉरीन रविवारी नाताळच्या गाण्यांच्या तालमीला आली नाही. आज पाहिलं तर आवाज बसलेला, खोकला. खोली अगदी मस्त गरम होती, मी तर घामेजले. ती मात्र दोन स्वेटरांवर शाल.

"डॉक्टरला दाखव."

"खोकल्याला कसला डॉक्टर? माझ्या अंगात ऊब जरा उशिरा शिरते, एवढंच. तू बस. केक काप. तू आलीस ना की खोली कशी भरल्यासारखी वाटते."

"तालमीला ये पुढच्या रविवारी. तू नसलीस की मी वरच्या पट्टीत वाहवत जाते."

"जाशीलच. कोपर कोण मारणार?"

निघताना दारात उभी राहून ती मी वळेपर्यंत हात हलवत होती. मग दार लगेच लावून घेतलं. एरवी कोपऱ्यापर्यंत पाहत असते.

हे मी इथे का लिहिलं ते मलाच ठाऊक नाही.

८ जानेवारी, बुधवार

सकाळी विश्वस्तांसमोर हिवाळ्याचे आकडे वाचून दाखवले. गॉर्डननी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पाद्रीबाबांनी भट्टीचं नावही काढलं नाही. मतदान फेब्रुवारीत, पण ते आता नावापुरतं.

तिथून थेट डॉरीनकडे. "जिंकलीस?"

"जवळजवळ."

तिने टाळी वाजवली आणि त्यानेच तिला खोकल्याची उबळ आली. मी पाणी दिलं. चेहरा लालबुंद होता. मला वाटलं, आनंदाने.

१८ जानेवारी, शनिवार

सकाळी स्टॅनचा फोन. त्याने कधी फोन केलेला नाही. "बाईसाहेब, डॉरीनचे पडदे उघडले नाहीत. माझ्याकडे किल्ली असते. आत गेलो. ॲम्ब्युलन्स येतेय, तुम्ही या."

मी पोहोचले तेव्हा तिला नेत होते. डोळे अर्धवट उघडे, ओळख नाही. तिच्या अंगाला हात लावून ॲम्ब्युलन्सवाल्यांपैकी एकाने दुसऱ्याकडे पाहिलं, ते मी पाहिलं.

तिचे कपडे घ्यायला मी आत गेले. न सांगता मी त्या घरात शिरले ती ही पहिली वेळ.

माझा श्वास मला दिसत होता. पलंगावर गोधडी, गोधडीवर कोट, कोटावर चॅपेलमधून आणलेल्या गुडघे टेकायच्या गाद्या. उशीजवळ लोकरीची टोपी. रबरी पिशव्यांतलं पाणी गार. टेबलावर गाईचं भांडं. झाकण उचलून मी लोण्यावर बोट दाबलं. बोट उमटलं नाही.

पुठ्ठा जागच्या जागी होता, एक कोपरा सुटला होता तर तिने तो टाचणीने नीट बसवला होता. त्याच्याखाली बटण बंद.

स्टॅन दारात उभा होता. "बुधवारी सकाळी गुरगुरायचं," तो म्हणाला. "तुम्ही गेलात की बंद. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. यंत्र तुमचं, वार तुमचा."

"तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं," तो म्हणाला. यावेळी त्याने बाईसाहेब म्हटलं नाही.

२० जानेवारी, सोमवार

न्युमोनिया, दोन्ही बाजूंना. दुपारी थोडी शुद्धीवर होती. बोलायला कष्ट पडत होते, पण ती बोललीच.

"रागावलीस?"

"का बंद करायचीस गं? मी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं."

"तू असताना नाही केलं बंद. एकदाही नाही." ती श्वास घ्यायला थांबली. "एकटीसाठी कोण शेगडी पेटवतं, बेरिल? आई म्हणायची, पुढच्या खोलीतला विस्तव पाहुण्याचा. आपण आपलं स्वयंपाकघरात. जुन्या बॉयलरला बटण नव्हतं, तेव्हा बरं होतं, पाप लागायचं नाही."

तिच्या आईचं ते वाक्य माझ्याही आईचं होतं.

"आणि तू जिंकायला हवी होतीस," ती म्हणाली. "तो गॉर्डन फार टेचात असतो." मग डोळे मिटून, "बुधवारी फार छान वाटायचं. दिवसभर."

२२ जानेवारी, बुधवार

डॉरीन गेली. मी वाटेत होते.

वॉर्डात इतकं गरम होतं की नर्स अर्ध्या बाह्यांत वावरत होत्या.

३१ जानेवारी, शुक्रवार

चॅपेलमध्ये निरोप. डावीकडची जागा आम्ही तशीच रिकामी ठेवली. दुसऱ्या कडव्यात मी वरच्या पट्टीत गेले आणि शेवटपर्यंत परत येता आलं नाही.

स्टॅन मागच्या बाकावर होता. चॅपेलमधल्या थंडीबद्दलही त्याने तक्रार केली नाही.

रसायनशास्त्रात शिकवतात, काचेवर पाणी कधी जमतं: गार पृष्ठभागावर अचानक ऊब आली की. हे मी मुलांना कितीतरी वर्षं फळ्यावर काढून दाखवलं. आणि तिच्या खिडकीशी बसून स्कोन खात होते.

५ फेब्रुवारी, बुधवार

सभा. मी उभी राहिले आणि प्रस्ताव मागे घेतला. गॉर्डननी विचारलं, "आकडे तर तुमच्या बाजूचे आहेत?"

"ते आकडे यंत्राचे नव्हते," मी म्हटलं. "ते डॉरीनच्या थंडीचे होते." आणि पाहिलं ते सगळं सांगितलं, स्टॅनची भिंत, डबीला दिलेला नकार, बुधवार. सांगताना आवाज ठीक राहिला. शिक्षिकेचा आवाज शेवटपर्यंत साथ देतो.

मग नवा प्रस्ताव ठेवला. दालनामागे एकच मोठा पंप. अंगण खणायचं, पाइप पुरायचे, बाराही घरांना आणि दालनाला एकत्र ऊब. कमी-जास्त करायला एक कळ असावी, पण पूर्ण बंद करायचं बटण कोणाच्याही घरात नको. वीज संस्थेच्या नावावर. वर्षभर दालनाला गैरसोय सोसावी लागेल, बालवाडी चॅपेलमध्ये हलवावी लागेल. तोवर जुना बॉयलर टिकला नाही तर भाड्याने आणू.

गॉर्डन बराच वेळ कागद सरळ करत होते. मला वाटलं, आता बोलतील ते बोलतील, त्यांचा हक्क आहे.

"लोक खिडक्या उघड्या टाकतील," ते एवढंच म्हणाले.

"टाकू देत."

त्यांनी मान हलवली. "माझं अनुमोदन," ते म्हणाले. सभा संपल्यावर मला घालता यावा म्हणून त्यांनी माझा कोट धरला. असं त्यांनी पूर्वी कधी केलेलं नाही. मला ते सोसलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

दुपारी दाराची घंटा वाजली. मी स्वयंपाकघरात होते. बैठकीतून जाताना माझा हात आपोआप हीटरच्या बटणाकडे गेला, ते लागलंही, आणि मग मला कळलं की मी काय करते आहे. मी तिथेच उभी राहिले. घंटा दुसऱ्यांदा वाजली.

स्टॅन होता. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. "माझ्या फडताळात होतं. त्या दिवशी उचलून ठेवलं, म्हटलं घर रिकामं करणारे फोडतील." गाईचं भांडं. "आतलं लोणी तसंच आहे. मला टाकवलं नाही."

"आत या, मिस्टर बर्टविसल. चहा घ्या."

तो आत डोकावला, हीटरचा लाल दिवा त्याने पाहिला, आणि माझ्या अंगावरच्या दोन स्वेटरांकडेही पाहिलं. "माझ्यासाठी लावू नका," तो म्हणाला. "मी जातोय."

"भिंत कशी आहे?"

"गारच. पलीकडे कोणी नाही ना."

तो कोपऱ्यावर वळेपर्यंत मी दारात होते. दार लावून आत आले आणि हात पुन्हा बटणाकडे गेला, बंद करायला. मी तो मागे घेतला. खुर्ची ओढली, भांडं समोर ठेवलं, झाकण काढलं. पाहुणा नसताना त्या खोलीत मी यापूर्वी कधी बसले असेन असं आठवत नाही.

लोणी मऊ व्हायला बराच वेळ लागला.